ब्रेकचं पेडल मऊ लागतंय? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो. गाडीत आई, बायको, दोन मुलं आणि डिकी भरून सामान. प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि खालच्या वळणांमध्ये ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. आधी वाटलं, पाय नीट पडला नसेल. पुढच्या वळणावर ते भिजलेल्या उशीवर पाय ठेवल्यासारखं लागलं. पटापट दोन-तीनदा दाबलं तेव्हा कुठे गाडीने वेग सोडला. दुसऱ्या गिअरवर आणून रस्ता रुंद होता तिथे गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. पाऊण तासाने पेडल पुन्हा जागेवर आलं होतं.

पुढे पहिल्या गॅरेजमध्ये वरून थोडं ब्रेक ऑइल टाकून ‘झालं’ असं सांगितलं गेलं. घरी परतल्यावर दुसऱ्या गॅरेजने मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणारा भाग) बदलला, आणि त्यानंतर तर सपाट रस्त्यावरही पेडल मऊ लागायला लागलं. शेवटी एका वयस्कर मेकॅनिकने पुढच्या चाकाचं निप्पल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सोडून आतलं ऑइल दाखवलं. कोऱ्या चहासारखं काळं. पाच वर्षांत ते एकदाही बदललेलं नव्हतं, आणि नवा मास्टर सिलिंडर बसवताना लाइनमध्ये शिरलेली हवाही कुणी काढलेली नव्हती. मूळ दोष काही शे रुपयांच्या ऑइलचा होता.

मऊ पेडलची कारणं चार-पाचच असतात, आणि पेडल कसं मऊ लागतं यावरून त्यातलं कुठलं असेल हे बरंचसं कळतं. ते आधी समजून घ्या, मग पाना उचला. इथलं वर्णन पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात) आणि मागे ड्रम (फिरणारं भांडं, त्याला आतून शू दाबतात) असलेल्या साध्या घरगुती गाडीचं आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच असतात.

१. गाडी हलवायची की नाही, हे आधी ठरवा

पेडल तळाला टेकत असेल, बोनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल कमी होत असेल, डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवू नका. टो करून न्या. विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं कलम घेतलेलं असेल तर टोइंग त्यात बसतं, म्हणून पॉलिसीची प्रत आणि मदतीचा नंबर फोनमध्ये असू द्या.

गाडीत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन असतात. एक फुटली तरी दुसरी उरते, पण पेडल खूप खाली जातं आणि गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते. ‘थोडा तरी लागतोय ना’ असं म्हणून लोक जी गाडी चालवतात, ती बऱ्याचदा या उरलेल्या अर्ध्या ब्रेकवर चाललेली असते.

चालत्या गाडीत पेडल गेलं तर पटापट पंप मारा, गिअर एकेक करून खाली आणा आणि हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होतात. किल्ली बंद करू नका. स्टिअरिंग जड होईल आणि बूस्टरचा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचा, आधारही जाईल.

२. मऊ म्हणजे नेमकं कसं?

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा. पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. आता पायाला जे जाणवेल ते फक्त ऑइलच्या लाइनचं.

पेडल स्पंजासारखं दबत असेल आणि कितीही दाबलं तरी खाली टणक तळ लागत नसेल, तर लाइनमध्ये हवा आहे. ऑइल दबत नाही, हवा दबते. पायाचा जोर पॅडपर्यंत पोचण्याऐवजी ते बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. जुना रबरी होज (चाकापाशी ऑइल नेणारी लवचीक नळी) फुगत असेल तरीही असंच लागतं.

पहिल्यांदा दाबल्यावर खोल जातं, पण दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला वर येऊन दगडासारखं घट्ट होतं? मग मागच्या ड्रममधले शू ड्रमपासून लांब गेले असण्याची शक्यता जास्त. वर येऊनही लवचीकच राहिलं, तर पुन्हा हवेचाच संशय घ्या. खड्ड्यांच्या रस्त्यानंतर किंवा वळणानंतर फक्त पहिला ब्रेक खोल जात असेल, तर चाकाचं बेअरिंग ढिलं नाही ना, हे बघून घ्या. डिस्क हलते आणि पॅडना मागे ढकलते.

आता इंजिन चालू करून पेडलवर सिग्नलला ठेवतो तसा हलका, एकसारखा पाय मिनिटभर ठेवा. पेडल हळूहळू बुडत गेलं तर एकतर ऑइल बाहेर गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरचे आतले रबरी सील झिजल्यामुळे ते आतल्या आत मागे पळतंय. ही चाचणी हलक्या पायानेच करा. जोरात दाबलं की सीलची कड सिलिंडरला घट्ट चिकटते आणि दोष लपतो.

एरवी पेडल चांगलं असतं आणि फक्त लांब घाट उतरताना मऊ पडतं, थंड झाल्यावर परत येतं, तर ऑइल उकळतंय. माझ्या गाडीचं हेच झालं होतं.

एक गोष्ट मात्र दोष नाही, आणि तिच्यामुळे कितीतरी लोक विनाकारण घाबरतात. पेडल दाबून धरून इंजिन सुरू केलं की ते थोडं खाली जातं. बूस्टर काम करत असल्याची ती खूण आहे. बूस्टर बिघडला तर पेडल मऊ पडत नाही, उलट दगडासारखं कडक होतं. त्यामुळे मऊ पेडलवर कुणी बूस्टर बदलायला सांगितलं, तर आधी कारण विचारा.

३. बोनेट उघडा आणि डबी बघा

मास्टर सिलिंडरवर पांढरट प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यावर कमाल आणि किमान पातळीच्या खुणा असतात. झाकण उघडण्याआधी ओल्या फडक्याने सगळीकडून पुसून घ्या. धुळीचा एक कण आत गेला तरी सील खराब करू शकतो.

पातळी कमी दिसली की वरून टाकायचं, ही आपली सवय. ती घातक आहे. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात आणि डबीतली पातळी आपोआप उतरते, म्हणजे कमी पातळी हा पॅड तपासण्याचा निरोप असतो. पॅड जाडजूड आहेत आणि तरीही पातळी उतरली, तर कुठेतरी गळती नक्की आहे. दोन्हींत नुसतं वरून टाकल्याने निरोप पुसला जातो, दोष जागेवरच राहतो.

रंगही बघा. नवं ऑइल फिकट पिवळसर, जवळजवळ पाण्यासारखं असतं. डबीतलं मात्र चाकापाशी असलेल्या ऑइलपेक्षा नेहमी स्वच्छ दिसतं, कारण वरून टाकलेलं नवं तिथेच राहतं. त्यामुळे डबी स्वच्छ दिसते यावर समाधान मानू नका.

४. ऑइल उकळतं म्हणजे काय

आपण ‘ऑइल’ म्हणतो खरं, पण हे खनिज तेल नाही. ग्लायकॉल जातीचं द्रव आहे आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं, रबरी होजमधून, डबीच्या झाकणातून, हळूहळू. कोकणातल्या पावसाळी हवेत तर जास्तच. डॉट ३ प्रतीचं कोरं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पण ३.७ टक्के पाणी शोषलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत.

आता घाटाचा हिशेब करून बघा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर, पोलादपूर पायथ्याला. पाच माणसं आणि सामानासह साडेबाराशे किलोची गाडी बाराशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा बाहेर पडते, तिच्यात पंचेचाळीस लिटर थंड पाणी उकळीला येईल. यातला काही भाग हवेचा विरोध आणि इंजिन घेतं. जे इंजिनाला देणार नाही, ते ब्रेकला सोसावं लागतं. कॅलिपर तापतो, त्यातल्या ऑइलमधलं पाणी वाफ होतं, आणि वाफ हवेसारखीच दबते.

म्हणून बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगितलेलं असतं. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. गाडी कमी चालली म्हणून मुदत वाढत नाही, पाणी उभ्या गाडीतही शिरतं.

५. गळती शोधा

खाली कोरा पुठ्ठा पसरून गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी चारही चाकांच्या आतल्या बाजू टॉर्चने बघा. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला ओघळ असेल, तर मागचा व्हील सिलिंडर (ड्रममधले शू बाहेर ढकलणारा) किंवा पुढचा कॅलिपर गळतोय. ड्रम उघडला असेल तर व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपणं हलकेच उचलून बघा. आत ओल आली असेल तर सिलिंडर गेला. त्या चाकाचे शू ऑइलने भिजले असतील तर तेही बदलावे लागतात, पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ती छातीत जायला नको. ओल्या फडक्याने पुसा.

चाकं कोरडी, तरी पातळी उतरते? मग ड्रायव्हरच्या पायाशी वाकून पेडलच्या दांड्याला आणि वरच्या भागाला हात लावून बघा. मास्टर सिलिंडर मागच्या बाजूने गळत असेल तर ऑइल बूस्टरच्या पोटात साठतं किंवा दांड्यावरून आत उतरतं. बाहेर एक थेंबही दिसत नाही. ही जागा सगळ्यात जास्त वेळा बघायची राहून जाते.

रबरी होज वाकवून बारीक भेगा शोधा. मग कुणाला तरी पेडल जोरात दाबायला सांगून होजवर हात ठेवा. फुगताना जाणवला, तर बदला.

६. मागचे ड्रम

हँडब्रेक ओढताना टकटक मोजा. पूर्वी पाच-सहाला घट्ट व्हायचा आणि आता दहा-बाराला होतो, तर मागचे शू लांब गेलेत किंवा हँडब्रेकची केबल ताणली आहे. इथे मोठी चूक होते ती केबल आवळण्याची. हँडब्रेक वर येतो, पण शूंचं अंतर तसंच राहतं, आणि आवळलेल्या केबलमुळे पुष्कळ गाड्यांत आपोआप जुळणारी यंत्रणा काम करेनाशी होते. क्रम उलटा हवा: आधी शू जुळवा, मग गरज पडलीच तर केबल. ड्रम उघडून जुळणी करणं पहिल्यांदाच करत असाल, तर एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू स्प्रिंग कुठे कशी बसते हे दाखवायला तशीच राहू द्या. काढण्याआधी फोटोही काढून ठेवा.

७. हवा काढायला काय लागेल

- गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचं, सीलबंद ब्रेक ऑइल, एक लिटर. बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४ लागतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात चुकूनही मिसळू नका.
- निप्पलला बसणारा रिंग पाना, साधारण ८, १० किंवा ११ नंबरचा. उघड्या तोंडाच्या पान्याने निप्पलच्या कडा झिजतात.
- निप्पलवर घट्ट बसेल अशी फूटभर पारदर्शक नळी आणि प्लॅस्टिकची बाटली.
- जॅक आणि दोन स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीजवळ हात घालू नका.
- चाकांना लावायला लाकडी ओंडके, आणि पेडलखाली ठेवायला दोन-अडीच इंचाचा लाकडी तुकडा.
- पाण्याची बादली. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उठतो.
- सांगितलं तेवढंच करणारा एक मदतनीस.

समुद्राजवळ राहत असाल तर निप्पल गंजलेलं असण्याची शक्यता मोठी. आदल्या रात्री त्याच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारा. जोर लावून तुटलं तर कॅलिपर काढण्याची वेळ येते.

एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये एबीएस (जोराच्या ब्रेकला चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. नुसतं चाकांपाशी ऑइल बदलायला त्याची अडचण नसते. पण डबी पूर्ण रिकामी झाली किंवा मास्टर सिलिंडर काढला, तर एबीएसच्या ठोकळ्यात हवा अडकू शकते आणि ती काढायला स्कॅनर जोडून त्याचा पंप चालवावा लागतो. अशा वेळी गाडी गॅरेजला द्या. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना तर घरी हातच लावू नका.

८. हवा काढणे

पद्धत दोन माणसांची आहे, आणि तिचा सगळा भार बोलण्यावर आहे. माझ्याबरोबर बायको होती. आम्ही तीन शब्द ठरवले: ‘दाब’, ‘धरलंय’, ‘सोड’.

इंजिन बंद. डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने जमेल तेवढं काढा आणि नवं भरा. पेडलखाली लाकडी तुकडा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोज जिथपर्यंत जातो, त्यापुढचा भाग गंजलेला, खडबडीत असतो. पेडल तळापर्यंत गेलं तर सील त्यावर घासून फाटतात. चांगला मास्टर सिलिंडर हवा काढताना असाच जातो आणि नंतर लोकांना वाटतं, योगायोगाने गेला.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून करा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून सहसा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं हा क्रम. तिरक्या लाइन असलेल्या काही गाड्यांत तो वेगळा असतो, तेव्हा पुस्तिका बघा.

निप्पलवर पाना चढवा, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडालेलं हवं. मदतनीस पेडल सावकाश तीनदा दाबून चौथ्यांदा धरून ठेवतो आणि ‘धरलंय’ म्हणतो. आता निप्पल पाव फेरा सोडा. ऑइल आणि बुडबुडे येतील, पेडल खाली जाईल. पेडल तिथेच धरलेलं असताना निप्पल बंद करा, आणि मगच ‘सोड’ म्हणा. हा क्रम एकदा चुकला तर चाकापाशी हवा परत आत ओढली जाते आणि आधीची मेहनत वाया जाते.

दर पाच-सहा वेळांनी डबी भरा. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. नळीत बुडबुडे थांबून ऑइल स्वच्छ दिसायला लागलं की ते चाक झालं. निप्पल बेताने आवळा, त्याची रबरी टोपी लावा, आणि दोन दिवसांनी तिथे ओल नाही ना ते बघा.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, बंद बाटलीतून गॅरेजला द्या. उरलेलं नवं ऑइल पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. सील फुटलेल्या बाटलीत पाणी शिरत राहतं.

९. हवा काढूनही मऊच राहिलं तर

कॅलिपर नुकताच काढला होता का? डावा-उजवा अदलाबदल झाला तर निप्पल वरच्याऐवजी खाली येतं. हवा वर चढते, त्यामुळे शंभर वेळा पेडल दाबलं तरी ती वरच अडकून राहते. निप्पल नेहमी कॅलिपरच्या सगळ्यात उंच जागी हवं.

नवे पॅड बसवले असतील तर गाडी जागची हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप मारा. पिस्टन मागे ढकललेले असतात आणि पहिलं दाबणं रिकामं जातं. पार्किंगमध्ये भिंतीवर गाडी आदळते ती अशाच वेळी.

मास्टर सिलिंडर बदलला असेल तर गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच त्यातली हवा काढली होती का, हे विचारा.

आणि कुणी पेडल मऊ म्हणून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल डबीत ओतलं असेल, तर गाडी चालवू नका. खनिज तेलाने सगळे रबरी सील फुगतात. तिथे नुसतं धुऊन भागत नाही, सील आणि होज सगळेच बदलावे लागतात.

१०. गॅरेजला देताना

सर्व्हिस बुक, आधीच्या कामांची बिलं आणि वॉरंटीचे कागद सोबत न्या. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे त्यांत शोधा. ‘टॉप-अप’ आणि ‘बदल’ या वेगळ्या ओळी असतात. ‘ब्रेक लागत नाही’ असं मोघम न सांगता दुसऱ्या पायरीतलं वर्णन सांगा: सिग्नलला बुडतं, पंप मारल्यावर येतं, फक्त घाटात होतं. काढलेला पार्ट परत मागा आणि ऑइलची बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही.

११. पहिली फेरी आणि पहिला घाट

आधी जागेवर पेडल तपासा, मग रिकाम्या रस्त्यावर दहा-वीसच्या वेगात, मग हळूहळू वाढवत. नवे पॅड असतील तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर अचानक जोराचे ब्रेक टाळा.

घाट उतरताना ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं थांबवा. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंधन जवळपास बंदच करतात, त्यामुळे तसंही काही वाचत नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पेडलवर पाय टेकवून ठेवू नका. ठळक ब्रेक मारा, वेग उतरला की पाय पूर्ण उचला, डिस्कला गार व्हायला वेळ मिळेल. जळका वास आला तर थांबा, पण तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर मी आता एका चिठ्ठीवर लिहून बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवतो. पुढची तारीखही त्याच चिठ्ठीवर लिहिलेली असते.